शिरुरात पाहायला काय आहे?

दर दिवाळीला या सदरातून मी तुम्हांला कुठे ना कुठे हिंडवून आणतो. वेरूळ-अजिंठा झाले, रायगड झाला, विजयदुर्ग-सिंधुदुर्ग झाले, भंडारदऱ्याला आपण दोनदा गेलो. एका वर्षी नात्यातल्या लग्नाला म्हणून गेलो आणि लोणारच्या सरोवरावर चार पाने भरून परतलो. अंक निघाला की वाचकांची पत्रे येतात. त्यांत ‘तुम्ही सांगितलेल्या जागी गेलो, पण तुम्ही म्हणता ते पिठले कुठे मिळाले नाही’ अशा प्रेमळ तक्रारी असतात, आणि त्या वाचताना आमचे कुटुंब ‘बरं झालं’ असा चेहरा करून बसते.

पण सर्वांत जुनी तक्रार घरातलीच. अंक हातात आला की आमची आत्या अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायची, माझा लेख कुठल्या गावावर आहे ते पाहायची आणि विचारायची, “आमचं शिरूर कधी रे?”

“आत्या, शिरुरात पाहायला काय आहे?”

यावर ती अंक मिटून ठेवायची. तिला उत्तर येत नव्हते अशातला भाग नाही. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच आहे, हे तिला कळत असावे.

हे शिरूर म्हणजे घोडनदीचे नव्हे. पुण्यात शिरूर म्हटले की सगळ्यांना तेच आठवते. लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ नव्हे, की शिरूर ताजबंदही नव्हे. आत्याचे शिरूर ते शिरूर कासार, जिल्हा बीड. सिंदफणा नदीच्या काठचे हे गाव आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. आत्याचा जन्म तिथला, १९४३ सालचा. आजोबांचे तिथे किराण्याचे दुकान होते. १९६१ साली लग्न होऊन ती पुण्याला आली, पुढे आजोबा वारले, घर विकले गेले, माझे वडीलही नोकरीसाठी इकडेच स्थायिक झाले, आणि शिरूर आमच्या घरात फक्त आत्याच्या तोंडी उरले.

गेल्या दोन वर्षांत तिची नजर पार अधू झाली. समोरचा माणूस तिला आकाराने कळतो, चेहऱ्याने नाही. त्यामुळे अनुक्रमणिका आता सौभाग्यवती वाचून दाखवते. मागच्या खेपेला ती वाचून झाल्यावर आत्याने नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. तेच मला जास्त लागले.

शिवाय शिरूरच्या एका गुरुजींचे पत्र दरवर्षी येते. प्राथमिक शाळेतले शिक्षक, आमचे जुने वाचक. ‘एकदा आमच्याकडे या, मुक्काम आमच्याच घरी,’ एवढाच मजकूर. तेव्हा २०२५ची दिवाळी होताच निघायचे, असे मी ठरवून टाकले. आणि त्याच सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला. मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की वर्षानुवर्षे टँकरसाठी प्रसिद्ध असलेल्या बीड जिल्ह्यात माणसे पाण्यातून बाहेर काढावी लागली. पिके गेली, जनावरे वाहून गेली, जमिनी खरडून निघाल्या. वर्तमानपत्रातले फोटो पाहून मी गुरुजींना फोन केला आणि म्हटले, “आता नको. लोकांवर असा प्रसंग आलेला असताना आम्ही काय गळ्यात कॅमेरा अडकवून फिरायचं?”

गुरुजी म्हणाले, “दादा, दुष्काळात तुम्ही पाणी नाही म्हणून आला नाहीत. आता पाणी झालं म्हणून येत नाही. मग यायचं कधी?”

भाऊबीज आटोपली आणि आम्ही तिघे निघालो.

आता जाण्याविषयी. बीडची रेल्वे हा मराठवाड्यात थट्टेचा विषय होता. नगर-बीड-परळी मार्गाला १९९५च्या सुमारास मंजुरी मिळाली. त्या वर्षी जन्मलेली मुले बोहल्यावर चढली तरी गाडी येईना. २०२२च्या सप्टेंबरात ती आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, थेट बीडला पोचली. आम्ही रात्र नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला काढली आणि सकाळी या गाडीत बसलो. गाडीला घाई म्हणून नाही. पण डबा भरलेला, आणि डब्यातल्या निम्म्या लोकांना कुठे जायचेच नव्हते. ‘रेल्वेत बसायचं म्हणून बसलो’ असे एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने मला सांगितले. नातू खिडकीत, आजोबा नातवाच्या मागे, आणि दोघांचे डोळे सारखेच मोठे. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रेल्वेचे वर्णन मी एकदा याच सदरात दुसऱ्याच्या पुस्तकावरून केले होते, त्याची मला उगीचच लाज वाटली.

आष्टीच्या पुढे बालाघाटाचा माळ सुरू होतो. बालाघाट म्हणजे सह्याद्रीने पूर्वेकडे पसरलेला हात. त्याला सह्याद्रीसारखे कडे फारसे नाहीत, म्हणून चित्रात तो शोभत नाही. पण त्याचे काम मोठे आहे. या डोंगरावर पडलेला थेंब उत्तरेला ओघळला तर गोदावरीत जातो आणि दक्षिणेला ओघळला तर भीमेतून कृष्णेत. पाटोद्याच्या डोंगरात सिंदफणा उगम पावते, ती शिरुरावरून जाऊन माजलगावजवळ मंजरथला गोदावरीला मिळते. जिल्ह्याच्या बाहेरसुद्धा पडत नाही. त्याच तालुक्यात मांजरा उगम पावते, तीही गोदावरीचीच. पण ती लातूर, बिदर करीत, निजामसागराचे धरण भरीत थेट तेलंगणात कंदकुर्तीला जाऊन गोदावरीची गाठ घेते. आणि तिथलीच विंचरणा मात्र पाठ फिरवून सीनेकडे जाते, सीना भीमेला मिळते. एका माळावरच्या तीन लेकी, दोघी एका घरी दिल्या आणि तिसरी परमुलखात. आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आमच्या वेळी भूगोलात निजामाचं राज्य होतं. नद्यांचं मास्तरांनी सांगितलंच नाही.”

रायमोहा स्टेशनवर उतरलो. गुरुजी जीप घेऊन आले होते, आणि जीपमध्ये पुढच्या जागेवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसलेली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचाच गणवेश. “ही आमच्या पलीकडच्या गल्लीतली. पाचवीत आहे. मला घरी थोडं काम आहे, गाव ही दाखवेल तुम्हांला,” गुरुजी म्हणाले. मुलीने आत्याकडे पाहिले आणि विचारले, “आज्जीला दिसत नाही का?”

“थोडं थोडं दिसतं,” मी म्हटले.

“मग मी सांगते,” ती म्हणाली आणि मागे येऊन आत्याच्या शेजारी बसली.

वाचकहो, वर्णन करणे हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. पण त्या तीन दिवसांत आत्याने मला एकदाही ‘काय दिसतंय रे?’ असे विचारले नाही. मी म्हणायचो, “डोंगराच्या निळसर रांगा क्षितिजावर...” आणि ती पोर म्हणायची, “आज्जे, तीन डोंगर हायेत. मधला बुटका. बुटक्यावर एकच झाड हाय.” झाले. आत्याला डोंगर दिसायचे.

गावात शिरलो तर पुराची खूण अजून भिंतींवर होती. माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर मातकट रेघ, एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत, ओळंब्यात आखल्यासारखी सरळ. तिच्या वर रंग, खाली चिखल. लोकांनी दुकाने मात्र उघडली होती. ओली झालेली कापडे रस्त्यावर वाळत घालून स्वस्तात विकायला काढली होती आणि दिवाळीची गिऱ्हाइके ती हातात घेऊन निरखत होती.

गावाच्या नावातले कासार हे बांगड्यांचा आणि भांड्यांचा धंदा करणारे. कांस्यकार या शब्दापासून कासार झाला, असे सांगतात. कालिकादेवी हे त्यांचे कुलदैवत आणि तिचे देऊळ इथे आहे. देवळात आत्या खांबाला हात लावून उभी राहिली. मला वाटले, आता ही काही जुनी आठवण सांगेल. ती म्हणाली, “इथं खाली फरशी गार असायची. आहे का अजून?” मुलीने चप्पल काढलेलेच होते. “हाय की,” ती म्हणाली, “बसा.” मग दोघी देवीसमोर फरशीवर बसल्या आणि मी बाहेर चपला राखीत उभा राहिलो.

देवळाबाहेर एक कासारीण हातगाडीवर बांगड्या मांडून बसली होती. दुकानात पाणी शिरल्याने माल गाडीवर आला होता. आत्याने मुलीचा हात पुढे केला. “हिला भर, हिरव्या. डझनभर.” कासारीण हात दाबून माप बघते तोच मुलीने हात मागे घेतला.

“काचंच्या नको. फडात फुटत्यात.”

आत्याला फड म्हणजे तमाशाचा वाटला. “फडात? तू काय नाचायला जातेस?” त्यावर कासारीण हसली, मुलगी हसली, आणि मला मात्र कळायला थोडा वेळ लागला. उसाचा फड.

आता हे तुम्हांला नीट सांगितले पाहिजे, कारण आपण शहरातली माणसे साखर चमच्याने मोजतो, आणि फराळाच्या या दिवसांत तर वाटीने. शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी या बालाघाटावरच्या तालुक्यांतून दर वर्षी लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजूर एकटा मोजत नाहीत, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम आधी उचल देतो, मग पाच-सहा महिने तोडणी करून ती फेडायची. कारखान्याच्या आवारात किंवा रानात उसाच्या पाचटाची कोपी बांधून राहायचे, गुढीपाडव्याच्या सुमारास पट्टा पडला की परत यायचे. जाण्याची वेळ दसरा-दिवाळीची. म्हणजे आपण सुटी लागली म्हणून बॅगा भरतो त्याच आठवड्यात इथली माणसेही आपले सामान भरतात. आपल्या गाड्या त्यांच्या ट्रकांना रस्त्यात ओलांडून जातात; मी स्वतः कितीदा ‘हे ट्रकवाले बाजू देत नाहीत’ म्हणून चिडलो आहे.

“तू गेली होतीस फडावर?” सौ.ने विचारले.

“तीन सालं. मी कोल्हापूर बघितलंय. कराडबी बघितलंय. सांगली. ते पलीकडं कर्नाटकात अथणी.”

“अगं बाई, मग पन्हाळा पाहिला असशील!”

“न्हाई. फड बघितला.”

मी कासारणीला प्लॅस्टिकच्या बांगड्या दाखवायला सांगितले. मुलीने लाल निवडल्या. आत्याने तरीही दोन हिरव्या काचेच्या बाजूला ठेवायला लावल्या आणि पदराच्या टोकाला बांधून घेतल्या.

संध्याकाळी सिंदफणेकाठी सिद्धेश्वराला गेलो. नदीला अजून चांगले पाणी होते. काठच्या बाभळींच्या फांद्यांत माणसाच्या उंचीच्या वर कडबा, चिंध्या, एक रबरी चप्पल अडकून बसले होते. पलीकडच्या काठावर जमीन दिसत होती, पण तिला जमीन म्हणायचे ते सवयीने. वरची काळी माती गेलेली, खाली मुरूम आणि धोंडे उघडे पडलेले. त्या धोंड्यांकडे बोट दाखवून मुलगी आत्याला म्हणाली, “ते आमचं दोन एकर.” तिथे कपाशी होती. बोंडे धरली होती.

आत्या बराच वेळ पाण्याचा आवाज ऐकत बसली. मग तिने, मला आजवर कधी न सांगितलेली गोष्ट त्या मुलीला सांगितली. १९४८ साली ती पाच वर्षांची असताना, रझाकारांच्या भीतीने एका रात्री आजोबांनी सगळ्यांना बैलगाडीत घातले आणि पाथर्डीच्या बाजूला, नगर जिल्ह्याच्या हद्दीत नेले. हद्द जवळच होती. इकडे निजामाचा मुलूख, हाली सिक्का, करोडगिरीचा नाका, आणि तिकडे हिंदुस्थान. सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन संस्थान विलीन झाले तेव्हा परत आले. “गाडीत आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता, रडू नये म्हणून,” आत्या म्हणाली.

“माझी आई बी ठेवती,” मुलगी म्हणाली. “ट्रकात धूळ लई उडती म्हणून.”

रात्री गुरुजींच्या घरी पिठले-भाकरी झाली (तक्रारखोर वाचकांनी नोंद घ्यावी), आणि गुरुजी ‘आलोच’ म्हणून बाहेर गेले. ते अकरा वाजले तरी आले नाहीत. घरातले ‘थोडं काम’ मला तेव्हा कळले. मुलीचे आईबाप परवाच्या दिवशी निघणार होते, सोलापूरकडे, भीमाकाठच्या एका कारखान्यावर. कपाशी गेल्यामुळे या खेपेला उचल जास्त घेतली होती. धाकटा मुलगा दीड वर्षाचा. आई ऊस तोडीत असताना त्याला सांभाळायला कुणीतरी हवे, म्हणून मुलीला न्यायचे चालले होते. मागच्या साली नेले तर तिचे अर्धे वर्ष बुडाले होते. घरी आजी आहे, शाळा आहे, मूल इथे राहू दे, हे पटवायला गुरुजी रोज रात्री त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत होते. तसे ते गल्लीत सात घरी बसत होते.

“काय ठरलं?” त्यांना यायला साडेअकरा झाले तेव्हा मी विचारले.

“सकाळी बघू म्हणाले,” ते म्हणाले. “आपण मोर बघायला जा. ती येईल.”

मोर म्हणजे नायगावचे मयूर अभयारण्य. पाटोदा तालुक्यात जवळजवळ तीस चौरस किलोमीटरांचे हे रान १९९४ साली मोरांसाठी राखून ठेवले. बाभूळ, खैर, गवताळ उतार, मधून ओढे. पहाटे अंधारातच पोचलो. आणि लाज सोडून सांगतो, मी आत्याला रस्ताभर मोराच्या पिसाऱ्याचे वर्णन ऐकवले होते. उजाडले तशी हाक ऐकू आली, मग दुसरी, मग सगळा उतारच ओरडू लागला. पहिला मोर झुडपातून बाहेर आला आणि सौ. म्हणाली, “अहो, ही लांडोर ना?”

“मोर हाय तो,” मुलगी म्हणाली. “पिसारा गळालाय. पावसात यायचं होतं. आत्ता समदे बोडके असत्यात.”

खरेच आहे. पावसाळा हा मोराचा विणीचा काळ. तो सरला की लांब पिसे झडतात आणि पुढल्या उन्हाळ्यापर्यंत नवी येतात. पक्ष्यांच्या पुस्तकांत ते लिहिलेले आहे, मी वाचलेलेही आहे, पण दिवाळीची सुटी मोराच्या सोयीने पडत नाही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. निळ्या मानेचे, मागे आखूड झालेले ते दहा-बारा पक्षी रानातून चालत गेले. जरीचा शेला घरी ठेवून बाजाराला निघालेल्या माणसांसारखे. आत्याला विचारले तर ती खूश होती. तिला ओरडणे ऐकू आले होते. पिसारा तिला तसाही दिसला नसता.

परतताना या डोंगरांतल्या नाथांच्या जागा ओझरत्या पाहिल्या. चिंचोलीचा गहिनीनाथगड, पलीकडे आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथ, हद्दीपार पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी मढीची यात्रा आणि तिथला गाढवांचा बाजार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भगवानगडही त्याच वाटेवर. १९६५ साली भगवानबाबा गेले, पण या डोंगरातल्या माणसांच्या बोलण्यात ते अजून हिंडतात फिरतात.

आणखी एक दिवस हाताशी असलेल्यांनी बीडला जावे. निजामशाहीत मुर्तझा निजामशाहाच्या कारकिर्दीत सलाबतखानाने बांधलेली खजाना विहीर तिथे आहे. जमिनीखालच्या बोगद्यांनी तिच्यात पाणी येते आणि तसल्याच बोगद्याने, कुठलीही मोट किंवा पंप न लावता, नुसत्या उताराने पुढच्या रानाला जाते. सोळाव्या शतकातले हे काम. पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे दगडी देऊळही चुकवू नये. उत्तरेला गोदावरीकाठी राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने तिथे निजामाचा पराभव केला. निजाम नदी ओलांडून पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेनिशी अलीकडे राहिलेला, आणि मधे पावसाळ्याची गोदावरी. दिवाण मारला गेला ते निजामाला पलीकडून पाहावे लागले. या जिल्ह्याचा इतिहास पाण्याने किती वेळा फिरवला आहे ते मोजायला कुणीतरी बसले पाहिजे.

आम्ही दुपारी गावात आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता. निघणे एक दिवस आधीच ठरले होते. मुकादमाचा निरोप आला होता. मुलगी जीपमधून उतरली ती धावतच गेली. लोखंडी पेट्या, पीठाचे डबे, चुलीसाठी तीन दगडसुद्धा (तिकडे धोंडे मिळत नाहीत म्हणून), गोधड्या, एक शेळी, आणि कापडात गुंडाळलेले कोयते. बायका गळाभेट घेत होत्या, पुरुष दोर आवळीत होते, कुणीतरी ट्रकच्या पुढे नारळ फोडला. मुलीची आई लहानग्याला कडेवर घेऊन उभी होती. वय पंचवीस-सव्वीसच्या पुढे नसावे.

आत्या सौ.चा हात धरून तिच्यापर्यंत गेली. काय बोलली ते मला ऐकू आले नाही. पदराची गाठ सोडताना मात्र दिसली. त्या बाईने हिरव्या बांगड्या घेतल्या, हातात घातल्या नाहीत, पेटीचे कुलूप काढून आत ठेवल्या. मग मुलीला जवळ घेऊन तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली आणि लहानग्यासह ट्रकमध्ये चढली. मुलगी खालीच राहिली. गुरुजी माझ्याजवळ उभे होते, त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि म्हणाले, “सातांपैकी चार.”

दुसऱ्या दिवशी आमचा सौताड्याचा बेत होता. मुलीच्या आजीची परवानगी काढली, आजीलाच बरोबर घेतले. दोन म्हाताऱ्या मागे बसून रस्ताभर १९५०च्या सुमारास गावात कोण कोण होते याची उजळणी करीत होत्या. मुलगी गप्प होती. सौताडे हे पाटोदा तालुक्याच्या टोकाला, जामखेडच्या वाटेवर. माळावरून चालत जावे आणि एकाएकी पायाखालची जमीन संपावी अशी ती घळ आहे. विंचरणा वरून उडी घेते, खाली दरीत रामेश्वराचे देऊळ, भोवती झाडी. वर्षातले आठ महिने तिथे कड्यावर ओला पट्टा तेवढा असतो, पण त्या साली पाऊस लांबलेला, त्यामुळे धार भरगच्च होती. आत्याला पायऱ्या उतरवणार नव्हत्या. ती वरच कठड्याशी बसली.

मुलगी खाली गेली, भिजून वर आली. इतका मोठा पाण्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. आपल्या गावापासून दीड-दोन तासांवर असा धबधबा आहे हे तिला ऐकून ठाऊक होते, पण आणणार कोण?

“आबा, हे पाणी आमच्या नदीला येतं?” तिने विचारले.

“नाही. सिंदफणा तिकडं गोदावरीला जाते. ही विंचरणा. ही जाते सीना नदीला, आणि सीना सोलापूरच्या खाली भीमेला मिळते.” आणि सवयीने मी पुढे बोलत गेलो. सीना-भीमेच्या त्या संगमावर हत्तरसंग कुडलला एक जुने देऊळ आहे, तिथे शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख सापडला आहे, सर्वांत जुना मराठी लेख मानतात त्याला, वगैरे.

तिने शिलालेख वगैरे ऐकले नसावे. “भीमेला? सोलापूरकडच्या?”

“हो.”

“आई गेली तीच भीमा?”

“तीच.”

ती कठड्याला धरून खाली वाकली. “किती दिवसांत पोचतं?”

मधे बंधारे, वळणे, मला नेमके सांगता येईना. मी अंदाजाने म्हटले, “लागत असतील आठ-दहा दिवस.”

तिने बोटांवर काहीतरी मोजले. मग आत्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आज्जे, तोवर त्यांची कोपी बांधून झालेली असंल.”